हात धुतलेले वैमानिक

कॅप्टन शाल्मली तांडेलकडे दोन परवाने होते, एक हेलिकॉप्टरचा आणि दुसरा विमानाचा. तटरक्षक दलातली नोकरी संपवून तिने धुळ्याला जाऊन विमान शिकायला घेतलं, तेव्हा बरोबरीच्या लोकांनी तिला वेड्यात काढलं होतं. हेलिकॉप्टरवाल्यांना विमानकंपन्या दारात उभं करत नसत आणि विमानवाल्यांना हेलिकॉप्टर खालच्या दर्जाचं वाटे. दोन्ही येणाऱ्याला दोन्हीकडे तळापासून सुरुवात करावी लागे. शाल्मलीने ती केली.

मग कलपंखी आली आणि सगळं चित्रच पालटलं.

कलपंखी म्हणजे पंखांच्या दोन टोकांना दोन मोठे फिरते पंखे असलेलं विमान. पंखे आभाळाकडे तोंड करून फिरले की ते हेलिकॉप्टरसारखं जागच्या जागी वर उठतं. वर गेल्यावर पंखे हळूहळू पुढे कलतात आणि तेच यंत्र विमानासारखं वेगाने निघून जातं. त्याला धावपट्टी लागत नाही, शिवाय वेग हेलिकॉप्टरच्या दुप्पट. कोकणच्या किनाऱ्यापासून बरंच आत, समुद्रात, पवनचक्क्यांची लांबच लांब रांग उभी राहिली होती. तिथल्या तंत्रज्ञांची ने-आण करायला याहून सोयीचं काही नव्हतं. रत्नागिरीला 'सागरवेध एव्हिएशन' या कंपनीने तळ उघडला आणि दोन्ही परवाने असलेल्या वैमानिकांचा शोध सुरू झाला. देशभरात अशी माणसं मोजकीच होती.

शाल्मलीला फोन आला तेव्हा ती हैदराबादच्या एका हॉटेलात दुसऱ्या दिवशीच्या उड्डाणाची तयारी करत होती. तिचं घर रत्नागिरीलाच होतं. नवरा विश्राम तिथल्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा आणि मुलगी जुई तेव्हा दुसरीत होती. आठवड्यातून एकदा घरी जाणाऱ्या शाल्मलीने फोनवर पगारसुद्धा विचारला नाही. "कधी येऊ?" एवढंच म्हणाली.

पहिली दोन वर्षं छान गेली. तिसऱ्या वर्षी परदेशात एका जहाजाच्या डेकवर उतरताना कलपंखी आदळली. माणसं वाचली, पण चौकशीत जे निघालं त्याने जगभरच्या विमा कंपन्या जाग्या झाल्या.

हेलिकॉप्टरमध्ये वैमानिकाच्या डाव्या हाताशी एक दांडा असतो. वर जायचं तर तो ओढायचा. विमानात उलटं. ताकद हवी असेल तर दांडा पुढे ढकलायचा. कलपंखीत विमानाची रीत ठेवलेली आहे. पुढे ढकललं की जोर वाढतो, मागे ओढलं की कमी होतो. परदेशातला तो कॅप्टन मुळात हेलिकॉप्टरवाला होता. यंत्र खाली खचतंय असं वाटताक्षणी त्याच्या हाताने दांडा मागे ओढला आणि उरलासुरला जोरही गेला. डोक्याला सगळं ठाऊक होतं. हात मात्र घाबरल्यावर आपल्या जुन्या घरी पळाला.

ज्या दोन परवान्यांसाठी कंपन्या वैमानिक शोधत होत्या, तेच आता धोक्याचे ठरले.

उपाय मेंदूच्या डॉक्टरांकडे तयारच होता. 'सागरवेध'ने त्यासाठी पुण्याच्या डॉ. अरुंधती वझे यांना बोलावलं. बाई स्पष्ट बोलणाऱ्या. तळावरच्या खोलीत वैमानिकांना बसवून त्यांनी सोप्या भाषेत सांगितलं.

"सवय आपल्या लहान मेंदूत, म्हणजे डोक्याच्या मागच्या भागात, साठवलेली असते. आपल्याला वाटतं, ती एकदा बसली की दगडासारखी पक्की. तसं नसतं. ती तुपासारखी असते. सवय वापरली की ते तूप थोडा वेळ पातळ होतं आणि नंतर पुन्हा थिजतं. ते पातळ असतानाच आम्ही बाहेरून ध्वनिलहरी सोडतो आणि त्याला थिजू देत नाही. तुम्हाला सिम्युलेटरमध्ये हेलिकॉप्टर उडवायला लावायचं आणि लगेच लहरी द्यायच्या. असं काही वेळा केलं की ती सवय निघून जाते. दुखत नाही, आठवणी जात नाहीत. फक्त हात विसरतात."

"फक्त दांड्याचीच सवय जाते का?" शाल्मलीने विचारलं.

वझेबाई म्हणाल्या, "नाही. एकत्र शिकलेल्या हालचाली मेंदूत एकत्रच असतात. हेलिकॉप्टर एका जागी तरंगत ठेवण्याची जी काही कला आहे, तीही जाईल. पण कंपनी म्हणते, ते काम आता संगणक करतो."

वैमानिकांनी या उपचाराला लगेच नाव दिलं, हात धुणं. "सगळेच हात धुवून घेतायत, आपणही घेऊ," असं म्हणत पहिला गेला तो कॅप्टन इम्तियाज परकार. तो शाल्मलीपेक्षा बराच ज्येष्ठ, मूळचा जयगडचा. नौदलात त्याने वादळात बुडणाऱ्या बोटींवरून माणसं उचलली होती. शाल्मली त्याला भाई म्हणायची आणि त्याच्यासारखं तरंगत राहणं आपल्याला कधी जमणार नाही, असं तिला मनापासून वाटे.

उपचार संपवून तो परतला तेव्हा ती त्याला कँटीनमध्ये भेटली.

"कसं वाटतंय, भाई?"

"काहीच वाटत नाही गो," तो चहात खारी बुडवत म्हणाला. "परवा जुन्या हेलिकॉप्टरमध्ये जाऊन बसलो. दांडा धरला. दुसऱ्याच्या घराच्या दाराची कडी धरल्यासारखं झालं. वाईटही नाही वाटलं. चांगलं आहे की. बायको खूश, विमावाले खूश. तू कधी जातेस?"

शाल्मली चहाचे पैसे द्यायला उठली.

कंपनीचं पत्रक सरळ होतं. ज्यांनी उपचार घेतले त्यांना कॅप्टनपद. ज्यांना ते नको, त्यांना सहवैमानिक म्हणून तीन महिने मुदत. या काळात त्यांनी डेकवर यंत्र उतरवायचं नाही आणि तीन महिन्यांनंतर करार संपेल. आखातात हेलिकॉप्टरवाल्यांना अजून मागणी होती, पण आखात म्हणजे पुन्हा हॉटेलं आणि पुन्हा फोनवरची जुई.

विश्रामला यात विचार करण्यासारखं काही दिसत नव्हतं.

"शालू, तुला कुणी हात कापायला सांगत नाहीये," अंगणात कपडे वाळत घालता घालता तो म्हणाला. "एक सवय सोडायची. मी सिगारेट सोडलीच ना?"

"ती तू वाईट म्हणून सोडलीस. हे मी कष्टाने शिकले."

"आणि जुई? मागच्या वेळी तू दोन वर्षं नव्हतीस, तेव्हा तिचा पहिला दात पडला, तिला टायफॉइड झाला. ती सगळं माझ्याकडे घेऊन येते, तुझ्याकडे नाही. आत्ता कुठे तुला हाका मारायला लागलीय."

हे लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं. तिने हातातला ओला शर्ट झटकला आणि दोरीवर टाकला.

"मी जाणार नाहीये कुठे. आखातात जाणार नाही आणि धुवूनही घेणार नाही. तिसरं काहीतरी शोधते."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर तेव्हा बघू. आत्ता शोधू दे."

ती थेट वझेबाईंकडे गेली. "मला घरात मालवणी बोलायची सवय आहे," ती म्हणाली. "ऑफिसात मी दुसरं बोलते. आई समोर आली की तोंडातून आपोआप मालवणी निघतं. आमच्या प्रमुखांसमोर, कामत साहेबांसमोर, कधीच निघत नाही. दोन भाषा डोक्यात सुखाने राहतात, तर दोन सवयी का राहू नयेत?"

वझेबाई हसल्या. "राहू शकतात. मेंदूला प्रत्येक सवयीसाठी वेगळी खूण लागते. आई दिसली, ही खूणच झाली. हेलिकॉप्टर आणि कलपंखी, दोन्हींत तीच खुर्ची, तेच हेडफोन, खाली तोच समुद्र. म्हणून मेंदू गोंधळतो. खुणा वेगळ्या केल्या आणि पुरेसा सराव केला, तर जमेल. पण त्याला वर्ष लागेल. कंपनीला एवढा धीर नाही."

"मला तीन महिने आहेत. सुरुवात तर करते."

तिने केली. रोजची ड्यूटी संपली की ती सिम्युलेटरमध्ये बसायची. कलपंखीसाठी डाव्या हातात कातडी मोजा आणि खुर्ची एक खाच पुढे. हेलिकॉप्टरसाठी उघडा हात आणि खुर्ची मागे. दांड्याला हात लावण्याआधी मोठ्याने म्हणायचं, "ढकल," किंवा "ओढ." मग सिम्युलेटर चालवणाऱ्याने हवं तेव्हा, न सांगता, इंजिन बंद पाडायचं. पहिल्या आठवड्यात तिचा हात दर दोन-तीन वेळांमागे एकदा चुकला. महिन्याभराने चुका कमी झाल्या. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी त्या क्वचितच होत, पण होत. घरी पोचायला उशीर व्हायला लागला. एकदा जुईने तिचा मोजा स्वतःच्या हातात चढवून जेवणाच्या टेबलाची खुर्ची दणकन पुढे ओढली आणि "ढकल!" असं ओरडली. विश्रामला हसू आवरलं नाही. शाल्मलीलाही नाही.

मुदत संपायला काही दिवस राहिले होते. डिसेंबरातली सकाळ होती, उत्तरेचा वारा जोरात सुटला होता. परकार कॅप्टन आणि शाल्मली सहवैमानिक, अशी जोडी रिकामी कलपंखी घेऊन पवनचक्क्यांच्या मधल्या फलाटाकडे निघाली होती. समुद्रात खांबांवर उभा असलेला तो लोखंडी फलाट, त्यावर उतरण्यापुरती चौकोनी जागा. मागे दाराशी विंचमन बाणे होता. दोरीने माणसं चढवणं-उतरवणं हे त्याचं काम.

फलाट दिसू लागला तेव्हाच रेडिओवर आवाज आला. क्रेनचा आकडा सुटून निशिकांत राणे नावाच्या तंत्रज्ञाच्या मांडीत घुसला होता. रक्त थांबत नव्हतं. पट्टा आवळला होता, पण पोरगा पांढरा पडत चाललाय, असं सांगणाऱ्याचाच आवाज कापत होता.

"येतोच," परकार म्हणाला आणि त्याने पंखे वर कलवायला घेतले.

त्याच वेळी खालून कुरव पक्ष्यांचा थवा उठला. धपधप आवाज झाले. यंत्र हललंसुद्धा नाही, पण समोरच्या पडद्यावर दोन लाल चौकोन उमटले. पोटाखालचे, फलाट बघणारे कॅमेरे गेले होते. संगणक यंत्राचा तोल सांभाळत होता, जागा मात्र सांभाळू शकत नव्हता. वाऱ्यात ते कुठे सरकतंय, हे त्याला दिसतच नव्हतं.

अशा वेळी नियम होता की परत फिरायचं आणि विमानतळाच्या धावपट्टीवर उतरायचं. रत्नागिरी फार लांब नव्हतं. पण तिथून दुसरं यंत्र निघून इथे येईपर्यंत जो वेळ जाणार होता, तो निशिकांतकडे नव्हता.

"एकदा हाताने बघतो," परकार म्हणाला.

उजव्या हातातल्या दुसऱ्या दांड्याने दिशा आणि तोल सांभाळत त्याने यंत्र फलाटावर आणलं. ते डावीकडे सरकलं. त्याने सावरलं, तर उजवीकडे जास्तच गेलं. क्रेनचा खांब खिडकीत मोठा मोठा होत आला. मागून बाणे ओरडला, "वर घ्या, वर घ्या!" परकारने जोर दिला आणि यंत्र उचलून समुद्रावर नेलं. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"शाल्मली, मला उजव्या हातात काही कळतच नाहीये," तो हळूच म्हणाला. "पूर्वी ते सरकायच्या आधीच कळायचं. आता सरकल्यावर कळतं."

"माझ्याकडे द्या, भाई."

"तुला डेकवर उतरायची परवानगी नाही."

"माहीत आहे. उत्तर मी देईन."

परकारने एकदा फलाटाकडे पाहिलं. तिथे दोन माणसं स्ट्रेचरवर वाकून वाऱ्याला पाठ देऊन बसली होती. "उत्तर दोघं देऊ," तो म्हणाला. "घे. कंट्रोल तुझे."

शाल्मलीने मोजा घट्ट केला, खुर्ची एक खाच पुढे घेतली आणि मोठ्याने म्हणाली, "ढकल."

तिचा उजवा हात आणि पाय तटरक्षक दलातले होते. त्यांना वाऱ्याचा झोत खांबाला वळसा घालून कसा येतो ते विचार न करता कळत होतं. यंत्र सरकायच्या बेतात आलं की बोटं आधीच हलत. डावा हात मात्र विमानाचा ठेवायचा होता. एकाच शरीरात दोन माणसं बसवल्यासारखं होतं ते. बाणे दारात पालथा पडून खालचं अंतर सांगत होता. फलाट पायाखाली आला.

आणि वारा अचानक पडला. यंत्र खचलं.

शाल्मलीचा डावा हात मागे गेला. फार नाही, बोटभर.

"पुढे!" परकार गरजला.

हात पुढे गेला. पंख्यांनी हवा धरली, यंत्र अडखळलं, तरंगलं आणि जोरात, पण सरळ, फलाटावर बसलं.

निशिकांतला आत घेतलं. निघताना पुन्हा शाल्मलीनेच यंत्र उचललं आणि वेग आल्यावर परकारने ते हातात घेऊन धावपट्टीवर अलगद टेकवलं. निशिकांतचा पाय वाचला की नाही हे कळायला बरेच दिवस गेले, पण तो स्वतः वाचला, हे त्याच संध्याकाळी कळलं.

चौकशीला ऑपरेशन्सचे प्रमुख कामत, विमा कंपनीचा माणूस आणि वझेबाई होत्या. कामत वाईट माणूस नव्हते. त्यांनी आधी उभं राहून दोघांशी हात मिळवला, मग खाली बसून विचारलं, "नियम का मोडला?"

"माणूस मरत होता," परकार म्हणाला. "आणि मला उतरता येत नव्हतं. धुतल्यापासून येत नाही. हे लिहून घ्या."

कामत शाल्मलीकडे वळले. "तुमचा सराव यशस्वी झाला म्हणायचं तर?"

हो म्हणणं सोपं होतं. यंत्रातल्या नोंदी अजून कुणी नीट पाहिल्या नव्हत्या.

"पूर्ण नाही," ती म्हणाली. "शेवटच्या क्षणी माझा हात मागे गेला. भाई ओरडले नसते तर तो वेळेत पुढे आला असता की नाही, मला सांगता येणार नाही. आमच्यातला कुणीही एकटा असता तर आज आपण वेगळ्या चौकशीला बसलो असतो."

विम्याचा माणूस पहिल्यांदा पुढे वाकला.

कंपनीचा निर्णय आठवड्याभरात आला. यापुढे प्रत्येक कलपंखीत एक हात धुतलेला आणि एक न धुतलेला वैमानिक असेल. न धुतलेल्यांना कायम ठेवण्यात येईल, पण सहवैमानिक म्हणूनच. कॅप्टनपद त्यांना मिळणार नाही.

"घे," विश्राम म्हणाला. "घरी राहशील, नोकरी राहील, हातही राहतील. हवं होतं तेच मिळालं."

शाल्मली म्हणाली, "विश्राम, हे मला काचेच्या कपाटात ठेवण्यासारखं आहे. गरज लागेल तेव्हा काच फोडा. आणि माझ्यानंतर काय? नवीन पोरं दोन्ही शिकणारच नाहीत. अर्ध्या वैमानिकाला अर्धा वैमानिक जोडून किती दिवस उडणार?"

"मग काय करणार आहेस?"

"शिकवणार. मला अजून दहा महिने लागतील स्वतःला नीट करायला. तेवढ्यात बाकीच्यांनाही करते. पगार कमी होईल."

विश्रामने तिच्याकडे पाहिलं. ती मान्यता मागत नव्हती, सांगत होती, हे त्याला कळलं. आणि ती रत्नागिरीतच राहणार होती, हेही. "सिम्युलेटरमधल्या त्या खाचा आणि मोजे," तो शेवटी म्हणाला, "त्याचं मोजमाप नीट करायला हवं. कोणती खूण जास्त चालते, कोणती कमी. माझी कॉलेजची पोरं लावतो त्यावर."

कामतांनी आधी नकार दिला. विम्याच्या माणसाने वझेबाईंचा अहवाल वाचल्यावर तो नकार मऊ झाला. शेवटी एक वर्ष, एक सिम्युलेटर, एक जुनं प्रशिक्षणाचं हेलिकॉप्टर आणि सहा वैमानिक, असं ठरलं. वर्षाअखेर सहाच्या सहा जण कठोर परीक्षेत उतरले तर कॅप्टनपदासाठी असलेली उपचाराची सक्ती जाईल. एकजण जरी नापास झाला तरी शाळा बंद. शाल्मलीने सही केली.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी परकार मैदानात आला. त्याच्या हातात हेल्मेट होतं.

"यादीत सहाच आहेत ना?"

"सहाच."

"मग मला सातवा घे. पगार नको, परीक्षा नको."

"भाई, तुमच्या हातात काहीच उरलेलं नाही. तळापासून शिकावं लागेल. वर्षही पुरणार नाही कदाचित."

"तेव्हा काही वाटलं नव्हतं गो," तो म्हणाला. "त्या दिवशी फलाटावर वाटलं. तो पोरगा खाली, आणि मी वर, नुसता प्रवासी. चल, बसव."

ती त्याच्या शेजारी बसली. हेलिकॉप्टर जमिनीपासून माणसाच्या उंचीइतकं उठलं आणि लगेच दारू प्यायल्यासारखं झुलायला लागलं. पुढे, मागे, मग एकदम बाजूला. एके काळी वादळात बोटींवर खिळल्यासारखा थांबणारा माणूस जीभ दातांत धरून, पहिल्या दिवशीच्या पोरासारखा दांड्याशी झटत होता. शाल्मलीने आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"कमी हलवा. अजून कमी. नुसता विचार करा हलवायचा."

तिसऱ्या खेपेला हेलिकॉप्टर गवतावर थांबलं. एक श्वास, दीड श्वास. परकारने तिच्याकडे पाहिलं आणि तो मोठ्याने हसला, आणि हसण्याच्या नादात ते पुन्हा सुटून कुंपणाकडे निघालं.

"समोर बघा!" शाल्मली ओरडली. तिचे हात मात्र तिने मांडीखालून काढले नाहीत.